स्नोमोबाइलचा ट्रॅक निवडताना: बर्फ किती खोल आहे, त्याआधी तो किती धरतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 600 सीसीची, लिक्विड कूल्ड. ट्रॅक, म्हणजे गाडीखाली फिरणारा रबराचा पट्टा, 137 इंच लांब, 15 इंच रुंद, 1.25 इंच लगचा; लग म्हणजे ट्रॅकवरची रबराची उभी पाती. लग झिजलेत, त्यामुळे नवीन ट्रॅक घ्यायचाच आहे. चालवणं बहुतेक वेळा मशिनने दाबून सपाट केलेल्या वाटांवर. सकाळी त्या वाटा टणक आणि निसरड्या असतात. ताजा बर्फ पडला की वाट सोडून मोकळ्यावर जायचा मोह होतो, आणि तिथे गाडी रुतते. मग 2.25 इंच लगचा ट्रॅक घ्यावा का? आणि त्यालाच स्टड, म्हणजे धातूचे टोकदार खिळे, मारले तर सकाळचा प्रश्नही सुटेल का?

2.25 घेऊ नका. 2.25 ला स्टड तर मुळीच नकोत. त्याऐवजी काय घ्यायचं ते शेवटी सांगतो. पण आधी कारणं समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गाडी बदलली किंवा चालवायची जागा बदलली तरी स्वतःचं स्वतः ठरवता येईल.

दुकानात ट्रॅक विकताना पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे बर्फ किती फूट पडतो?" या प्रश्नातूनच गफलत सुरू होते. चार फूट बर्फ साचलेल्या जागी एक इंच लगवर आरामात फिरता येतं, आणि दीड फूट बर्फात तीन इंच लगची गाडी पोटापर्यंत रुतलेली मी पाहिली आहे. फरक खोलीचा नसतो. वरून दाब आणि मागून ढकल मिळाल्यावर बर्फाचे कण एकमेकांना धरून राहतात की सुटे होऊन निसटतात, यावर सगळं ठरतं. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो भरतो. वाऱ्याने दाबलेला 300-400 पर्यंत जातो. गोठलेल्या तळ्यावरचा घट्ट बर्फ 900 च्या पुढे. नाव एकच, पण ट्रॅकच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या जमिनी आहेत.

ट्रॅक दोन कामं करतो आणि ती वेगळी ठेवून विचार केला तरच निवड सोपी होते. एक काम गाडीला वर उचलून धरण्याचं. ते लांबी आणि रुंदीवर अवलंबून असतं. दुसरं काम पुढे ढकलण्याचं. ते लगची उंची, आकार आणि रबराचा कडकपणा यांवर. रुतणाऱ्या गाडीला लोक पहिल्या कामाचा उपाय हवा असताना दुसऱ्या कामाचं औषध देतात, म्हणजे लग वाढवतात. मग गाडी आधीपेक्षा लवकर रुतते आणि दोष ट्रॅकच्या कंपनीला मिळतो.

उचलून धरण्याचा हिशोब करून बघा. समजा गाडी, पेट्रोल, चालक आणि सामान मिळून 340 किलो. ट्रॅकचा 45 इंच लांब आणि 15 इंच रुंद भाग बर्फावर टेकलाय. पुढच्या स्कींवर, म्हणजे वळवायच्या घसरपट्ट्यांवर, काही वजन जातं ते सोडून द्या, सगळं ट्रॅकवरच आहे असं धरा. तरी दाब दर चौरस सेंटिमीटरला 80 ग्रॅमच्या आत येतो. बूट घातलेला 80 किलोचा माणूस एका पायावर आला की तोच दाब 300 ग्रॅमच्या पुढे जातो. म्हणून ज्या बर्फावर गाडी उभी आहे त्याच बर्फात उतरल्या उतरल्या आपण मांडीपर्यंत आत जातो.

आता लांबी वाढवल्यावर नेमकं किती पदरात पडतं तेही बघा. ट्रॅकची लांबी म्हणून जो आकडा सांगतात तो पूर्ण घेर असतो. 121 चा 137 केला, म्हणजे घेर 16 इंचांनी वाढला, तरी खाली टेकणारा भाग साधारण 8 इंचांनीच वाढतो. बाकीचे 8 इंच वरून परत येणाऱ्या भागात जातात. 15 इंच रुंदीवर हे 120 चौरस इंच झाले. कमी नाहीत, पण कागदावरचे 16 इंच बघून ज्या अपेक्षा ठेवल्या जातात त्याच्या निम्मेच. रुंदी मात्र पूर्णच्या पूर्ण कामाला येते. म्हणूनच ओझी ओढणाऱ्या कामाच्या गाड्यांना 20 किंवा 24 इंच रुंद ट्रॅक असतात. रुंद ट्रॅकची गाडी कलवायला जड जाते, उतारावर आडवी न्यायला तर फारच, त्यामुळे हौशी चालकाने त्या वाटेला जायचं कारण नाही.

बर्फ धरतोय की नाही हे कळण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे, आणि त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. सपाट जागेवर शंभरेक फूट बेताच्या थ्रॉटलने जा, थांबा, उतरा आणि मागे पडलेला माग नीट बघा. लगचे आडवे ठसे एकामागोमाग एक स्वच्छ उमटलेत आणि त्यांच्या कडा उभ्या आहेत? म्हणजे बर्फ धरतोय, आणि लग पुरेसे आहेत. ठसे आहेत पण प्रत्येक ठशाची मागची कड ढासळून पुढच्या ठशात पडली आहे? म्हणजे थोडी घसर आहे. मऊ बर्फात एवढी घसर चालते, किंबहुना लागतेच. ठसे अजिबात नाहीत, नुसती गुळगुळीत नाली पडली आहे? मग त्या नालीच्या तळात बोट खुपसा. तळ दाबून घट्ट झालेला लागला तर गाडीने स्वतःसाठी जमीन तयार केली आहे. जरा लांब किंवा उंच लगचा ट्रॅक असता तर काम आणखी छान झालं असतं. तळ सुटाच लागला, बोट सहज खाली गेलं आणि नालीच्या भिंतीतून दाणे घरंगळत राहिले, तर त्या बर्फात लगची उंची वाढवून काहीही हाती लागणार नाही.

शेवटचा प्रकार म्हणजे दाणेदार बर्फ. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडतो, मग आठवडाभर आभाळ निरभ्र राहून कडाक्याची थंडी पडते. खालची जमीन ऊबदार, वरची हवा गार. या फरकामुळे आतल्या आत कणांचा आकार बदलतो आणि टोकदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. मुठीत घेऊन दाबा, गोळा होत नाही. बोटांतून गळून जातो. कोरड्या वाळूच्या ढिगावर चढताना पाय जसा प्रत्येक पावलाला मागे येतो, तशी इथे ट्रॅकची गत होते. अशा वेळी तीन इंचाचा लग म्हणजे फावडंच. तो बर्फ उपसून मागे फेकतो आणि गाडी जमिनीतल्या दगडांपर्यंत खाली नेऊन ठेवतो. इथे उपयोग लांबीचा, आणि हलक्या अंगठ्याचा, म्हणजे थ्रॉटल बेताने दाबण्याचा.

खरा खोल, ताजा, कोरडा बर्फ याच्या बरोबर उलट वागतो. त्यात कण सुटे असतात, पण दाबले की एकमेकांत अडकतात. उंच लग तिथे बर्फ खणत नाही. तो दोन लगच्या मधल्या जागेत बर्फ कोंडतो, दाबतो, आणि त्या दाबलेल्या ठोकळ्यावर गाडी चढते. म्हणून डोंगरी ट्रॅकमध्ये लग 2.25 पासून 3 इंचांपर्यंत असतात, त्यांचं रबर जरा मऊ असतं, पात्याला आतून वाटीसारखा खळगा असतो आणि दोन ओळींमधलं अंतर जास्त ठेवलेलं असतं. हे अंतर म्हणजे पिच. वाटेवरच्या ट्रॅकमध्ये ती 2.52 किंवा 2.86 इंच दिसते, डोंगरी ट्रॅकमध्ये 3 किंवा 3.5. ओळी दाट असल्या तर मधला बर्फ बाहेर पडत नाही, ट्रॅक भरून सपाट होतो आणि लग कितीही उंच असले तरी असून नसल्यासारखे. लगची उंची सगळे विचारतात, पिच जवळपास कोणीच विचारत नाही, आणि खोल बर्फात हाच आकडा अधिक बोलतो असं माझं मत आहे.

लांबीही तिथे वाढते: 154-155, 163-165, त्याहूनही पुढे. पण लांब ट्रॅक वळायला आळशी असतो. झाडांमधून वाट काढायची असेल तर 155 च्या आसपास थांबलेलं बरं; उघड्या, लांबलचक चढांसाठी 165. ज्यांचं वजन सामानासकट शंभर किलोच्या पुढे आहे त्यांनी एक पायरी वर जावं.

मात्र एक गोष्ट ट्रॅकच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते. उंच लगचा लांब ट्रॅक बसवला की कालपर्यंत जे चढ गाडीला झेपत नव्हते ते झेपायला लागतात. आणि हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवरूनच सुटतं. वरचा थर घट्ट आणि खाली तो मघाचा दाणेदार, न धरणारा बर्फ, ही त्यासाठीची नेहमीची मांडणी. ट्रॅकसाठी बर्फ वाचायची सवय लागली असेल तर ती इथेही वापरा. ट्रान्ससीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं सोबत ठेवा, त्यांचा सराव असू द्या आणि चढावर एका वेळी एकच गाडी जाऊ द्या. ट्रॅकवर खर्च करणारा माणूस याच्या प्रशिक्षणाला वेळ नाही म्हणतो तेव्हा मला नवल वाटतं.

आता तुमच्या रोजच्या वाटेकडे येऊ. दाबलेल्या वाटेवरचा बर्फ धरतो, उत्तम धरतो. तिथे लगने खोल जायची गरजच नसते. इंचभर रुतला तरी पुष्कळ. 1 ते 1.35 इंच लग, ओळी दाट, रबर कडक, ही तिथली योग्य निवड. त्याच वाटेवर 2.25 इंची मऊ लग घेऊन गेलात तर दोन गोष्टी होतात. पहिली, लग टेकल्या टेकल्या मागे वाकतो. गाडी रबराच्या उभ्या बोटांवर चालल्यासारखी डुलते, वळणावर मागचा भाग उशिरा येतो, ब्रेक दाबल्यावर नेमकी कुठे थांबेल याचा अंदाज लागत नाही. दुसरी अधिक महागाची. प्रत्येक फेरीला लग वाकतो आणि सरळ होतो, त्यात रबर आतून तापतं. टणक वाटेवर वेगात लांबचा पल्ला मारला की लगच्या मुळाशी आधी बारीक भेग दिसते, मग कोपऱ्याचा तुकडा निघतो, आणि एकदा तुकडे पडायला लागले की थांबत नाहीत. असे ट्रॅक ओळखणं सोपं आहे: रबर झिजून बोथट होण्याऐवजी उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं.

तापण्याचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो, कारण तुमची गाडी लिक्विड कूल्ड आहे. तुमच्या इंजिनचं पाणी थंड करणारे कूलर टनेलखाली, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या आच्छादनाखाली, असतात आणि ट्रॅक जो बर्फ वर उडवतो त्यावर ते थंड होतात. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या स्लायडरवरून सरकतो त्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो. टणक वाटेवर किंवा गोठलेल्या तळ्यावर उडायला काहीच नसतं. तापमानाचा आकडा चढतो, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो, आणि गाडी थांबवून पाहिलं तर स्लायडर आणि ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा चिकटलेल्या. उंच लग घेतल्याने यात सुधारणा होत नाही. त्यासाठी स्क्रॅचर लावा; सस्पेन्शनच्या रेल्सवर बसणारे हे दोन स्प्रिंगसारखे काटे बर्फ खरवडून आत उडवतात. टणक तारेचे असतील तर रिव्हर्स घेण्याआधी वर उचलून अडकवायचे, नाहीतर वाकतात किंवा तुटतात. केबलचे असतील तर ही कटकट नाही. रेल्सवर एखादी जास्तीची चाकांची जोडी घातली तर स्लायडरचं आयुष्य वाढतं. आणि मागचा स्नो फ्लॅप फाटला असेल तर आधी तो बदला. उडालेला बर्फ कूलरकडे वळवण्याचं काम तोही करतो.

सकाळची निसरडी वाट म्हणजे वेगळाच मामला. वाटेवरचा बर्फ दुपारी पाझरतो, रात्री गोठतो आणि पृष्ठभागावर पारदर्शक कवच धरतं. गोठलेल्या तळ्यावर तर वाऱ्याने उघडं पडलेलं निव्वळ कठीण बर्फाचं मैदान असतं. इथे रबर रुततच नाही. 1.25 असो की 2.25, लग वर उभा राहतो आणि घसरतो. धातूच लागतो.

धातूचे दोन पर्याय आहेत. एक, ट्रॅकला भोकं पाडून बसवायचे स्टड. दुसरा, कारखान्यातच लगच्या माथ्यावर कार्बाइडची (अतिशय कठीण, धातूसारख्या पदार्थाची) बारीक टोकं बसवून आलेला ट्रॅक.

स्टडचं काम जोरदार असतं, विशेषतः ब्रेक मारताना. वेग घेण्यापेक्षा थांबण्यासाठी ते अधिक मोलाचे. पण त्यांचे नियम आहेत. स्टडचं टोक लगच्या माथ्यापासून पाव ते तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण 6 ते 9.5 मिलिमीटर वर यायला हवं. 1.25 इंच लगला दीड इंचाच्या आसपासचा स्टड पुरतो आणि टिकतो. हेच गणित 2.25 ला लावा: अडीच इंचांचा किंवा त्याहून लांब खिळा, आणि त्याला धरून ठेवायला खाली जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा पट्टा. टणक बर्फात टोक अडकलं की लांब दांड्याची तरफ होते, स्टड आडवा होतो आणि पट्टा फाडून बाहेर येतो. म्हणून 2.25 ला स्टड नको म्हटलं. दीड-पावणेदोन इंचांच्या वर लग असलेल्या ट्रॅकला स्टड लावूच नयेत, आणि हलक्या, एकाच थराच्या पट्ट्याला तर लग लहान असला तरी नको. खरेदी करताना ट्रॅक स्टड लावण्याजोगा आहे की नाही हे स्पष्ट विचारून घ्या.

संख्येबद्दल: 600 च्या गाडीला, वाट हेच मुख्य काम असेल तर, 96 स्टड पुरेसे. 144 हे जास्त ताकदीच्या गाड्यांना आणि सततच्या तळ्यांवरच्या चालवण्याला. ते एका रेषेत एकामागे एक मारायचे नाहीत, नाहीतर पुढच्याने पाडलेल्या चरातून मागचा रिकामाच जातो. ड्राइव्ह स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारी दातेरी चाकं) आणि स्लायडर जिथून जातात त्या रेषा मोकळ्या सोडायच्या. टनेलच्या आत संरक्षक पट्ट्या बसवल्याशिवाय गाडी सुरूच करायची नाही. कूलरला भोक पडलं तर सगळं कूलंट वाटेवर सांडतं. आणि स्कीखालचे कार्बाइड रनर, म्हणजे बर्फ धरणाऱ्या टणक पट्ट्या, स्टडच्या तोडीचे हवेत. मागे पकड वाढवली आणि पुढे तशीच ठेवली तर वळणावर हँडल वळतं, गाडी मात्र सरळ जाते. उलट केलं, पुढे जहाल रनर आणि मागे नुसतं रबर, तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. हे दोन्ही मी इतरांच्या गाड्यांवर दुरुस्त करून दिलेले प्रकार आहेत. दोन्ही वेळा मालकाला वाटत होतं की सस्पेन्शन बिघडलंय. काही ठिकाणी डांबरी वाटांवर स्टड वापरायला मनाई असते, तेही आधी बघून घ्या.

कारखान्यातून टोकं बसवून आलेला ट्रॅक याच्या तुलनेत सौम्य असतो. उघड्या तळ्यावर तो पूर्ण स्टडची बरोबरी करत नाही. पण पट्ट्याला भोकं नाहीत, वजन फारसं वाढत नाही, आणि सकाळच्या गोठलेल्या वाटेवर जी अस्वस्थ घसर असते ती नक्की जाते. मुख्य म्हणजे अशी टोकं दीड इंचाच्या पुढच्या लगवरही मिळतात, कारण तिथे धातू पट्ट्यात नसून लगच्या माथ्यात बसलेला असतो.

ओल्या बर्फाबद्दल थोडं. हिवाळा संपताना बर्फ जड होतो, पाणी धरतो, टनेलमध्ये चिकटून बसतो. तो धरतो छान, पण चालायला ताकद मागतो, कारण लगच्या मधे अडकलेला बर्फ सुटत नाही. जास्त पिचचा, दीड ते दोन इंच लगचा ट्रॅक तिथे बरा. तळ्यावरच्या बर्फाखाली पाणी साचून जो चिखल होतो त्यातून जाताना थांबू नका एवढंच सांगतो, लग कुठलाही असो. बाहेर पडल्यावर मात्र थांबा, टणक जागा बघा, आणि रात्री गाडी उभी करताना मागचा भाग लाकडांवर चढवून ठेवा. ओला ट्रॅक रात्रीत जमिनीला गोठून बसतो. सकाळी तसाच थ्रॉटल दिला तर एक तर क्लचचा बेल्ट जळतो नाहीतर लगचे तुकडे उडतात. मागचा बंपर धरून ट्रॅक आधी हलवून मोकळा करायचा, मग इंजिन.

वर कवच आणि खाली भुसभुशीत, असा बर्फ कोणालाच आवडत नाही. त्यासाठी खास ट्रॅक नसतो. लग जरा कडक हवेत, एवढंच.

आता गाडीची बाजू. मोठा लग इंजिनची ताकद खातो, लांब ट्रॅकही खातो. 800-850 च्या वर्गातली इंजिनं 3 इंच लग फिरवतात. 600 ला 3 इंच दिला तर ट्रॅकचा वेगच तयार होत नाही, आणि खोल बर्फात ट्रॅक हळू फिरला की गाडी वर न येता खालीच बसते. 600 ला माझ्या मते वरची मर्यादा 2 ते 2.25, तीही गाडी फक्त वाटेबाहेरच चालवायची असेल तर, आणि गिअरिंग एक-दोन दातांनी उतरवून, क्लच त्याप्रमाणे जुळवून. लांबी वाढवायची तर नुसता ट्रॅक आणून भागत नाही, रेल्स लांब कराव्या लागतात किंवा मागचं अख्खं सस्पेन्शन बदलावं लागतं.

पिच बदलली तर ड्राइव्ह स्प्रॉकेट बदलावे लागतात, हे बऱ्याच जणांना ट्रॅक घरी आल्यावर कळतं. यातली गंमत अशी की 2.52 पिचचं 8 दातांचं स्प्रॉकेट एका फेरीत 20.16 इंच ट्रॅक ओढतं, आणि 2.86 पिचचं 7 दातांचं 20.02 इंच. म्हणजे या दोनमध्ये अदलाबदल केली तर गिअरिंगला जवळपास धक्का लागत नाही. 3 इंच पिचचं 7 दातांचं आणि 3.5 चं 6 दातांचं, दोन्ही बरोबर 21 इंच. फक्त स्प्रॉकेटचा खर्च आणि शाफ्ट काढण्याची मेहनत धरून चाला.

तर तुमच्यासाठी. वाट हे तुमचं मुख्य काम आहे, गाडी 600 आहे, सकाळी घसरण आहे आणि मोकळ्या बर्फात जाणं अधूनमधून. लांबी 137 च ठेवा, पिच आहे तीच ठेवा, आणि 1.5 ते 1.6 इंच लगचा, माथ्यावर कार्बाइड टोकं असलेला ट्रॅक घ्या. रबर मध्यम कडक. वाटेवर 1.25 च्या मानाने किंचित डुलेल, कमाल वेग थोडा उतरेल. रोजच्या चालवण्यात ते जाणवणार नाही. फूटभर ताज्या बर्फात तुम्ही आजच्यापेक्षा खूपच निर्धास्त असाल. तीन फुटांत रुतालच. तिथे 600 आणि 137 ची गाडी रुतणारच, लग काहीही असो. मोकळ्यावर जाणं वाढणार असेल आणि तुमची पिच 2.52 असेल तर त्याच पिचमध्ये 144 चा विचार करा. 54 ऐवजी 57 ओळी येतात, घेर साडेसात इंचांनी आणि टेकणारा भाग पावणेचार इंचांनी वाढतो. रेल्सचं काम तेवढं करावं लागेल. पण पैसे मर्यादित असतील तर मी ते 2.25 च्या लगवर घालण्याऐवजी या पावणेचार इंचांवर घालीन.

गोठलेली तळी रोजची असतील तरच वेगळा सल्ला: 1.25 चा दोन थरांचा ट्रॅक, 96 स्टड, चांगले रनर, आणि मोकळ्या बर्फाचा नाद सोडा.

जुना ट्रॅक फेकू नका. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, खाली दगड असतात, त्या आठवड्यांसाठी जुनाच बरा. मात्र आधी तो हाताने दुमडून बघा. आत आडव्या फायबरग्लासच्या कांड्या असतात. तुटलेली असेल तिथे ट्रॅक एकदम मऊ पडून घडी घालतो. एखादी तुटली तर लक्ष ठेवून चालेल, शेजारशेजारच्या दोन-तीन तुटल्या असतील तर तो ट्रॅक वापरायचा नाही.

ऑर्डर देण्याआधी तीन मापं घ्या. पहिलं, पिच. खिडक्या म्हणजे ट्रॅकमधली चौकोनी भोकं; एका खिडकीच्या कडेपासून तिच्या पुढच्या दहाव्या खिडकीच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत मोजा आणि 10 ने भागा. 25.2 इंच आले तर 2.52, 28.6 आले तर 2.86. हे करायलाच हवं, कारण 137 म्हणून विकले जाणारे ट्रॅक दोन्ही पिचमध्ये असतात: 54 ओळींचा 2.52 चा, जो खरं तर 136 भरतो, आणि 48 ओळींचा 2.86 चा. दुसरं माप, लगच्या टोकापासून टनेल आणि पुढच्या कूलरपर्यंतची मोकळी जागा. नवीन लग तुमच्या मूळ लगपेक्षा 0.25 ते 0.35 इंच उंच असेल; पण तुमचे आज झिजलेले आहेत, तेव्हा फरक आजच्या झिजलेल्या उंचीवरून काढा, तो आणखी मोठा येईल. तो वजा केल्यावरही किमान अर्धा इंच उरायला हवा. तिसरं, खिडक्यांवरच्या क्लिपा प्रत्येक ओळीला आहेत की एक-दोन सोडून, ते बघा आणि नवीन तसाच मागवा.

बसवल्यावर ताण गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणेच ठेवा. फार सैल असेल तर जोरात थ्रॉटल दिल्यावर स्प्रॉकेटचे दात खटखट उडी मारतात. फार आवळला तर स्लायडर आणि बेअरिंग लवकर जातात. नवीन ट्रॅक पहिल्या फेरीतच थोडा ताणतो. परत आल्यावर गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचला, मागे कोणी उभं नाही ना ते बघा, ट्रॅक हळू फिरवा, आणि दोन्ही स्लायडर खिडक्यांच्या मधोमध चालताहेत का ते पाहून ताण पुन्हा लावून घ्या.